आठ चौकोन आणि जयराम

ऑफिसातले जुने फॉर्म रद्दीत जातात. किस्से रद्दीवाला घेत नाही, म्हणून ते माझ्याकडे साठलेत. मी सातवी नापास. अंधेरीच्या एका सर्व्हे ऑफिसात फॉर्मचे गठ्ठे लावतो.

*

मुलुंडच्या लादी-पॉलिशच्या कारखान्याचं काम आलं. प्रश्न तीन. धुळीत काम करता का, बिडी ओढता का, खोकला आहे का. हो-नाही धरून त्याचे चौकोन होतात आठ. कुठल्या चौकोनात किती माणसं पडली ते मी मोजायचं, मग कांबळे मॅडम त्याला लॉग-लिनियर मॉडेल लावणार.

"ते काय करतं?" मी विचारलं.

"कोण कोणाला धरून चालतं ते सांगतं, काका. खोकला धुळीला धरून आहे की बिडीला."

रिपोर्टात धूळ आली तर कामगारांचं औषधपाणी कारखान्याने बघायचं ठरलं होतं. बिडी आली तर ज्याचं त्याने बघा. माझ्या बहिणीचा नवरा जयराम तिथलाच.

*

आमच्या ऑफिसच्या सावे साहेबांनी गठ्ठे नुसते वरून बघितले आणि म्हणाले, "बिडीच आहे."

मी म्हटलं, "मी चाळीस वर्षं ओढतोय. मला कुठे खोकला?"

"तुम्ही सॅम्पलमध्ये नाही."

एवढं शिकून माणूस असं बोलतो.

*

धूळ आहे, बिडी नाही, खोकला आहे. या चौकोनात एकही फॉर्म नव्हता. शून्याचा लॉग निघत नाही म्हणे. कॉम्प्युटर अडला.

साहेब म्हणाले, "सगळ्या चौकोनांत अर्धा-अर्धा टाका. तसंच करतात."

"अर्धा कशाला? अख्खा आहे ना," मी म्हटलं. "जयरामने जन्मात बिडी ओढली नाही. दोन महिने खाटेवर खोकतोय. तुमच्या माणसांनी फॉर्म भरले गेटवर. खोकणाऱ्याला कारखान्याने घरी बसवलाय, तो गेटवर कशाला येईल?"

मॅडमनी पर्स उचलली. "चला काका, घर दाखवा."

*

जयराम भिंतीला टेकून बसला. मॅडमनी विचारलं, "बिडी?"

"नाय ओढली कधी."

"खोकला कधीपासून?"

तो सांगायला गेला आणि ढास लागली. थांबेचना. बहीण पाठ चोळत राहिली.

आवाज ऐकून चाळीतली माणसं दारात आली. आधी दोघं, मग पाच-सहा. सगळे पॉलिशवाले, सगळे घरी बसवलेले. सगळ्यात पुढचा माणूस दाराची चौकट धरून उभा होता.

"बाई, माझं पण लिवा. मी पण नाय ओढत."

मॅडमनी फॉर्म एकच आणला होता.