खडूची खूण

जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी एक जुनी सहाचाकी गाडी मी हौसेने अंगणात दुरुस्त करतोय. तिची गळती शोधायला आत नळीने पाणी भरायचं. ते जिथून बाहेर येतं, तिथूनच तळ्याचं पाणी आत शिरणार. मी नळी धरायचो, बायको खाली वाकून खडूने खूण करायची. "इथं गळतंय हो," म्हणायची.

दिवाळीआधी ती वारली. भेटायला येणाऱ्यांना मी चहा करून देतो. रडू अजून आलेलं नाही. माणसात काय साठलंय, ते असं नळी लावून कळत नाही.

आज पाणी भरून मीच खाली वाकलो. तिच्या शेवटच्या खुणेपाशी सांधा कोरडा होता. गळती थांबली की खूण पुसायची, हा तिचाच नियम. फडकं हातात धरून मी तिथंच बसून राहिलो.