जिथे टिक, तिथे सही

मी चोपन्न वर्षांचा सरकारी नोकर आहे, आणि एका रविवारी सकाळी कुंडम रोडजवळच्या एका मळ्यात साठ-सत्तर पुरुषांसोबत मी अंगावर एकही कपडा न ठेवता उभा होतो. माझी लेखी परवानगी होती. तीन ठिकाणी सही करून दिलेली.

त्याआधी मात्र मी कपड्यांसकट धावत होतो, आणि ते बायकोमुळे.

माझ्या बायकोला, सुनंदाला, मी अर्धवट सोडलेलं सगळं तोंडपाठ आहे. हार्मोनियम (पहिल्या चार सुरांपर्यंत), पोहणं (पाण्यात पाय बुडवण्यापर्यंत), गच्चीवरच्या खोलीचा रंग (तीन भिंती), योगासनं (चटई आणण्यापर्यंत). त्यामुळे मी हाफ मॅरेथॉन धावणार असं जाहीर केलं, तेव्हा तिने मेथी निवडता निवडता मान वर केली.

"काहून जी? धावणं तरी अख्खं शोधायचं होतं न! तेही अर्धंच सापडलं?"

झोंबलं. खरं सांगतो, फार झोंबलं! इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने मला एकदा तरी काहीतरी शेवटाला नेताना बघावं, एवढीच माझी इच्छा होती. सकाळी दहाच्या आत एकवीस किलोमीटर पुरे करणाऱ्या प्रत्येकाला मेडल मिळणार होतं. सुनंदा शेवटच्या रेघेपाशी उभी असणार होती. मला ते मेडल हवंच होतं.

शर्यत जंगल वाचवणाऱ्या एका मंडळाची होती. आमची मुलगी मिताली त्यात काम करते. (तिला मराठी सगळी समजते, फक्त बोलताना तिची हिंदी होते.) तिने मला फॉर्म आणून दिला.

"पप्पा, पहला पेज भरना है. पीछेवाला सिर्फ़ उनके लिए है जिनको फोटो में आना है. पढ़ लेना हं!"

"हो हो," मी म्हणालो. ती स्कूटी काढून गेलीसुद्धा.

आता आमच्या आवक-जावक विभागाची एक पद्धत सांगायला हवी. खालचा माणूस कागदावर जिथे सहीची रेघ दिसेल तिथे पेन्सिलने बारीक टिक लावतो. वरचा माणूस टिक दिसली की सही करतो. वाचणं हे नेमकं कोणाचं काम, ते आजवर ठरलेलं नाही आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही. मी सवयीने फॉर्मवर टिका लावल्या, आणि मग त्या टिका बघून मीच सह्या केल्या! आमचे साहेब, दुबे जी, यांनाही साखर कमी करायची होती म्हणून त्यांच्यासाठीही एक फॉर्म आणला होता. त्यावरही टिका लावून मी तो टेबलावर ठेवला. साहेबांनी फोनवर बोलता बोलता सह्या ठोकल्या.

आम्हा दोघांना छातीवर लावायचे नंबर मिळाले ते हिरव्या रंगाचे. बाकी बहुतेकांचे पांढरे होते.

"हे हिरवं काय आहे?" सुनंदाने विचारलं.

"पर्यावरण," मी म्हणालो.

शर्यतीच्या दिवशी थंडी अशी, की दात वाजत होते. साडेसहाला सुटलो. पहिले पाच किलोमीटर मी धावलो, पुढचे पाच धावल्यासारखं केलं, आणि त्यानंतर जे केलं त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि पुढे पाय टाकायचा. एक आजी माझ्या पुढे गेल्या. एक म्हैसही गेली! (ती शर्यतीत नव्हती.) पण थांबलो नाही. नऊ वीसला विसाव्या किलोमीटरचा फलक दिसला आणि माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. मी पोहोचणार होतो!

तेवढ्यात शिट्टी वाजवत एक कार्यकर्ता पुढे आला. "ग्रीन नंबर, लेफ्ट! अंकल, लेफ्ट!"

मी लेफ्ट वळलो. तीस वर्षं सरकारात काढलेला माणूस वळ म्हटलं की वळतो.

आत मळा होता, पडदे लावलेले होते आणि मोठ्या टपांमध्ये ओली माती कालवलेली होती. पुरुष मंडळी कपडे काढून अंगाला माती फासत होती. मला वाटलं, मातीचा लेप! थकलेल्या धावपटूंसाठी निसर्गोपचार! किती काळजी घेतात, असं मनात म्हणत मी कपडे उतरवले आणि चड्डीवर थांबलो.

"अंकल, सब," कार्यकर्ता म्हणाला.

"सब?"

"हर्बल है."

मी सब उतरवलं. त्याने माझे कपडे, बूट, घड्याळ एका पिशवीत घातलं, चिठ्ठी लावली आणि पिशवी टेंपोत फेकली. मी डोक्यापासून पायापर्यंत गार माती लावून घेतली. मग भोंग्यातून आवाज आला: "सब भाई अपने-अपने ठूँठ के पास! कैमरे की तरफ़ पीठ!"

पडदा सरकला. पुढे तोडलेल्या झाडांचं अख्खं रान होतं आणि मचाणावर फोटोग्राफर बसला होता. जितकी झाडं पाडली तितकी माणसं उघडी उभी करायची, असा तो फोटो होता. (कल्पना चांगली आहे. आजही माझं तेच मत आहे. दुसरं कोणी उभं असेल तर.)

मी पडद्यामागे धावलो आणि तिथूनच ओरडलो, "अहो, ग़लती हो गई! मैं रनिंग वाला हूँ!"

पडद्याच्या पलीकडून व्यवस्था बघणाऱ्या दीदींचा गोड आवाज आला. "मेश्राम जी ना? सर, आपकी तीन साइन हैं. बहुत सुंदर साइन है."

"मी सही करतो! वाचत नाही! मेरे कपड़े दे दो!"

"कपड़े तो फिनिश लाइन पे मिलेंगे सर, वहीं नहाने का टैंकर है. सवा दस बजे बस आएगी, रिछाई से. परदेवाली है."

सवा दस! मेडल दहापर्यंत! मी कपाळावर हात मारला. कपाळावरची माती हाताला आली. फोटो लवकर आटोपला तरच काही आशा होती. म्हणून मी निमूटपणे एका ठूँठामागे, म्हणजे तोडलेल्या झाडाच्या बुंध्यामागे, जाऊन उभा राहिलो. ते माझ्या गुडघ्याइतकंच होतं.

शेजारच्या ठूँठामागचा मातीचा माणूस मान न वळवता म्हणाला, "मेश्राम, वो भोपाल वाला पत्र निकला?"

मी सावधान उभा राहिलो. "सर, जावक में है, सर!"

"हूँ. और ये टिक किसने लगाई थी?"

असा प्रश्न, अशा अवस्थेत, वरिष्ठांकडून! माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सर, आप इधर आ जाइए, ये वाला थोड़ा बड़ा है." आम्ही ठूँठ बदलले. माझ्या वाट्याला आलेलं घोट्यापर्यंत होतं.

"कितने बजे?" मी डावीकडच्याला विचारलं. त्याच्याकडे घड्याळ कुठून असणार! मी सूर्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, एका पायावरून दुसऱ्या पायावर आलो.

"तीसरी लाइन, आख़िरी वाले अंकल!" भोंगा कडाडला. "पेड़ हिलते नहीं हैं!"

माझ्यामुळे फोटो सात वेळा काढावा लागला. शेवटी "हो गया" ऐकू आलं तेव्हा दीदींनी पलीकडून सांगितलं, दहाला आठ मिनिटं कमी. टेंपोवाला अजून चहा पीत होता. बस नव्हती. शेवटची रेघ सातआठशे मीटरवर होती, आणि तिथे सुनंदा उभी होती.

कुंपणावर 'पेड़ बचाओ' लिहिलेला लांबलचक कापडी फलक होता. मी तो ओढला आणि कमरेला गुंडाळायला लागलो. निम्मा गुंडाळून झाला, आणि पुढे येईना.

"अकेले जाओगे?" दुबे साहेब म्हणाले. फलकाचं दुसरं टोक त्यांच्या कमरेला होतं!

"सर, दौड़ना पड़ेगा."

"तो दौड़ो!"

आम्ही धावलो. मी पुढे, साहेब मागे, मधे चार हात कापड. मी जोरात गेलो की साहेबांचं सुटायचं, साहेब मागे पडले की माझं! माती वाळून अंगाला तडे जात होते. रस्त्याकडेची मंडळी टाळ्या वाजवायला लागली, एका बाईने तर हात जोडले. पण खोटं कशाला बोलू, इतका जीव लावून मी आयुष्यात काही केलं नव्हतं. रेघ दिसली. सुनंदा दिसली. तिने आधी तोंडावर हात धरला, मग हात काढला आणि ओरडली, "चला जी! थांबू नका! अजून थोडंच!"

मी रेघ ओलांडली. दहाला दोन मिनिटं बाकी होती!

मेडल वाटणारी मुलगी म्हणाली, "अंकल, नंबर कहाँ है? उसी में चिप है. चिप के बिना रिकॉर्ड नहीं होता."

नंबर टी-शर्टवर, टी-शर्ट पिशवीत, पिशवी टेंपोत. मी मटकन खाली बसलो. (फलकासकट. साहेबही बसले.) सुनंदाने आपली शाल माझ्या मातकट खांद्यांवर टाकली आणि हळूच म्हणाली, "जाऊ द्या न. मी पाह्यलं. पोहोचले तुम्ही."

मला भरून आलं. आणि तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. पिशव्या घेतलेला टेंपो रस्त्याने आला आणि दिमाखात रेघ ओलांडून गेला. यंत्र टीं टीं टीं करत सुटलं. मुलीने स्क्रीन बघितली.

"अरे, मेश्राम जी! आ गए आप! नौ उनसठ!"

अशा रीतीने माझ्या टी-शर्टने हाफ मॅरेथॉन वेळेत पूर्ण केली. प्रमाणपत्रही आलं. सुनंदाने ते मेडल मला घालू दिलं नाही. तिने टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून हँगरला लावला, बैठकीत टांगला आणि मेडल त्याच्या गळ्यात घातलं. कोणी पाहुणे आले आणि कौतुकाने विचारलं, की ती आधी टी-शर्टकडे बोट दाखवते. मग सोफ्यावर बसलेल्या माझी ओळख करून देते:

"हे त्याच्या संगं गेले होते."