आधी ग्रीस, मग झेंडू

कर्रर्र... असा एक शुष्क, कण्हता स्वर! पौषातली सकाळ, धुक्याने ओलसर झालेला सिडकोतला आमचा रस्ता, कोपऱ्यावरच्या टपरीत उकळणाऱ्या आल्याच्या चहाचा दरवळ, आणि त्या साऱ्या प्रसन्नतेला छेद देत आमच्या जुन्या जीपच्या स्टिअरिंगमधून उमटणारा तो स्वर. सरळ रस्त्यावर गाडी कशी अगदी गुणाची; वळण आले की मात्र तिची कुरकुर सुरू. चाक फिरवू जावे तर अर्ध्यात अडते, मग झटका देऊन सुटते, पुन्हा अडते. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. हातातला टॉवेल तसाच राहिला आणि मी कान देऊन ऐकत उभी राहिले.

गाडी चालवत होते अण्णा, माझे वडील. अंबडच्या एका कारखान्यात उमेदीची सारी वर्षे फिटर म्हणून खर्ची घातलेला माणूस. यंत्रांच्या अखंड घणघणाटाने त्यांचे कान केव्हाच निम्मे नेले होते, त्यामुळे मला गच्चीत ऐकू आलेला तो आक्रोश त्यांना, प्रत्यक्ष स्टिअरिंगवर बसून, ऐकूच आला नाही. त्यांना जाणवला तो केवळ जडपणा. ओठ घट्ट मिटून, दोन्ही हातांनी रेटून त्यांनी गाडी दारात आणली, खाली उतरले, आणि जिन्यावरून धावत आलेल्या माझ्या ओंजळीत किल्ली ठेवून म्हणाले, "दंडात जोर राहिला नाही गं माझ्या. काढून टाकू गाडी. कळवणचा तो शेतकरी मागतोच आहे, रविवारी ये म्हणतो त्याला."

काय वाटले मला, कसे सांगू तुम्हांला! कळवणच्या पुढे आमचे एक टीचभर रान आहे. शेवटच्या टप्प्यात नुसते गोटे आणि ओढा. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीशिवाय तिथे कोणी पोचत नाही. अण्णा दर पंधरवड्याला तिथे जातात, बांधावरच्या आंब्याखाली भाकरी खातात आणि दोन वर्षांनी तरुण होऊन परततात. ती गाडी गेली की ते रान गेले, आणि रान गेले की अण्णा गॅलरीतल्या खुर्चीत बसणार, कायमचे. आणि हे सगळे कशापायी? तर गाडीतल्या कुठल्याशा लोखंडाने केलेला गुन्हा त्यांनी मुकाट्याने आपल्या हातांवर घेतला म्हणून! मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि स्वभावाने, आई म्हणायची तशी, हेकट आहे. पुराव्याशिवाय कोणालाही दोषी ठरवू द्यायचे नाही, माझ्या बापाला तर नाहीच नाही, असे मी त्या क्षणी ठरवले. हातात चार दिवस होते.

पहिल्या दिवशी आमचे नेहमीचे मेकॅनिक उस्मानभाई आले. त्यांनी चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवले आणि फैसला सुनावला, "स्टिअरिंगचा बॉक्सच गेला, दीदी. आणि आता अण्णांचं पण वय झालं ना, ते पण समजून घ्या." अस्सा राग आला! माणूस वाईट नाही, पण घाईत आहे. आणि घाईतल्या माणसाला सर्वांत जुनी वस्तू हीच सर्वांत दोषी वाटते, मग ती वस्तू बॉक्स असो की बाप. मी म्हटले, उस्मानभाई, उद्या जॅक घेऊन या, आपण एकेक करून बघू. ते हसले, पण आले.

टायरमधली हवा मी आधीच तपासून आणली होती. ती चोख निघाली. मग पुढची चाके जॅकवर उचलली. जमिनीचा भार सुटला, तरी स्टिअरिंग तितकेच जड. म्हणजे दोष टायरचा नव्हे. मग स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवला, तर चाके नुसत्या हाताच्या रेट्याने इकडून तिकडे फिरू लागली, देवळातल्या घंटेइतकी सहज. म्हणजे दोष चाकांकडचाही नव्हे. तो वर, बॉक्समध्ये किंवा बॉक्सच्याही वर कुठेतरी दडून बसला होता. शोध म्हणजे तरी काय असते? जे निर्दोष आहेत त्यांना एकेक करून हात जोडून बाहेर पाठवायचे, आणि शेवटी आत कोण उरते ते पाहायचे. उस्मानभाई आता हसत नव्हते. त्यांनी बाह्या वर सारल्या होत्या.

आणि मग मला आठवला अण्णांचा जुना स्क्रू-ड्रायव्हर. हातभर लांब, लाकडी मुठीचा. मी लहान असताना बिघडलेल्या पंख्यावर त्याचे टोक टेकवून मूठ ते माझ्या कानामागच्या हाडावर लावत आणि विचारत, कुठं दुखतंय त्याला, सांग. आजारी यंत्राची नाडी पाहण्याची ही फिटर लोकांची रीत! मी तो शोधून आणला, आणि उस्मानभाई स्टिअरिंग फिरवत असताना टोक बॉक्सवर टेकवले. आत शांतता. तेच टोक वर सरकवत, स्टिअरिंगच्या दांड्याच्या मध्यावर जो सांधा असतो, ज्याला गॅरेजवाले क्रॉस म्हणतात, त्याच्याजवळ नेले मात्र, कवटीभर करकर घुमली!

मी ओरडलेच, "अण्णा, खाली या!" ते नाखुशीने आले. मी टोक सांध्यावर ठेवले आणि मूठ त्यांच्या कानामागे लावली. कानाने की हाडाने कोण जाणे, पण त्यांचा चेहरा पालटला. डोळे मिटले, मान किंचित कलली, आणि मला माझ्या लहानपणीचे अण्णा दिसले. "अरे, हा तर क्रॉस कोरडा पडलाय," ते म्हणाले. "पाणी जाऊन गंजलाय. दसऱ्याला धुतली तेव्हा ग्रीस कोणी मारलं होतं?"

आमच्या घरचा शिरस्ता असा, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवायची, सांध्यासांध्यांत ग्रीस भरायचे, आणि दुसऱ्या दिवशी पूजा. या दसऱ्याला अण्णा तापाने निजून होते. गाडी मी नेली. वॉशिंग सेंटरवाल्याला बॉनेट उघडून दिले, आतून-बाहेरून जोराचा फवारा मारून घेतला, आणि त्याने विचारले, "ताई, ग्रीस भरू ना?" तेव्हा मी काय म्हणाले असेन? नको म्हणाले! का, तर ग्रीसचे डाग झेंडूच्या माळेला लागतील. गाडी आरशासारखी लखलखली, मी हळदकुंकू वाहिले, फोटोही काढले. आणि भक्तीच्या भरात ज्या सांध्यात पाणी कोंडले तो सांधा आतल्या आत गंजत गेला. उस्मानभाईंनी बॉक्सला दोषी धरले, अण्णांनी आपल्या दंडांना, आणि खरी गुन्हेगार दोन दिवस वकिली करत हिंडत होती! कबूल करताना मला रडू फुटले. अण्णांनी क्षणभर पाहिले, मग आपले दोन्ही पंजे उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिले. "म्हणजे हात शाबूत आहेत माझे," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्या डोक्यावर टपली मारून, "मास्तरीणबाई, देवाला झेंडू लागतो, लोखंडाला ग्रीस लागतं."

शनिवारी नवा क्रॉस बसला. ग्रीस अण्णांनी स्वतः भरले, कोणाला हात लावू दिला नाही.

रविवारी कळवणचा शेतकरी एसटीने आला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि सरळ सांगितले, "गाडी विकायची नाही हो. पोरीनं घोळ घातला होता, तिनंच निस्तरला." तो बिचारा कळवळला, "लय लांबून आलो ना भाऊ! मंग आता मी काय बसनंच परत जाऊ?" "छे हो," अण्णा म्हणाले, "बसा मागं. मी निघालोच आहे कळवणला." जी विकत घ्यायला आले त्याच गाडीतून पाहुणे होऊन परतणारे गिऱ्हाईक मी तरी दुसरे पाहिलेले नाही. मीही शेजारी बसले.

धुके तेच होते, आल्याचा दरवळ तोच. कोपरा आला. अण्णांनी चाक वळवले, गाडी वळली, आणि समोर पाहत त्यांनी विचारले, "येतोय का गं आवाज?"

"नाही, अण्णा."

त्यांनी मान हलवली. आयुष्यभर यंत्रांचे दुखणे कानाने ओळखणारा हा माणूस आता माझ्या कानांवर गाडी चालवत होता. दिंडोरी गेली, वणी गेली, आणि प्रत्येक वळणाला त्यांनी विचारण्याआधी मी ऐकत होते.