खालची पट्टी

उमेळा गावातली माझी शेजारीण आमच्या चर्चच्या गायनमंडळातून स्वतःहून गेली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. वरचा सूर लागत नाही म्हणून मीच, मंडळाचा मास्तर, तिला काढलं होतं.

साठी उलटल्यावर तिने डिजिटल पियानो आणला. चिकू पिकला का बघावा तशी ती अंगठ्याने हळूच बटणं दाबायची. भक्तिगीत वाजवताना चुकीचं बटण दाबून मध्येच त्यातला ढोल सुरू झाला की त्या यंत्रालाच दटावायची, "गप रे, लग्न नाहीये कुणाचं!"

कुंपणापलीकडून मी एकदा विचारलं, "या वयात कशाला हा खटाटोप?"

"गायचंय म्हणून."

मे महिन्यात आमच्या आळीतल्या क्रुसापाशी संध्याकाळी प्रार्थना असते. यंदा तिने तिथे पियानो उचलून आणवला. एका बटणाने अख्खं गाणं खालच्या पट्टीत नेता येतं, हे ती शिकली होती. बटण दाबून ती गायला लागली. बोटं अडखळत होती, पण तिचा आवाज इतका भरलेला मी कधी ऐकला नव्हता.

तरी मी बोललोच, "मूळ पट्टी ही नव्हे."

ती वाजवायची थांबली नाही. "मास्तर, मूळ पट्टी तुम्हाला तरी लागते का आता? गा बघू."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिच्याच खालच्या पट्टीत पुढची ओळ घेतली आणि तिथेही माझा आवाज फाटला. कोणीतरी हसलं. तिने अंगठ्याने तेच बटण पुन्हा दाबलं, पट्टी आणखी खाली आणली.

"आता गा," ती म्हणाली. "इथून कोणाला काढत नाहीत."