चाचणीला आलेलं पोतं

महाड-पोलादपूरच्या तमाम जनतेला कळवण्यास अत्यंत दुःख होतं की, माझी इलेक्ट्रिक गाडी एका तांदळाच्या पोत्यामुळे अडली आहे.

बायकोचं माहेर घाटावर. गाडी आंबेनळी घाट चढली तरच घ्यायची, ही तिची अट. म्हणून शोरूमवाला चाचणीसाठी गाडी दारात घेऊन आला, आणि आमचे शेजारी पोत्यासकट हजर!

कुणाचीही गाडी सुरू झाली की हे गृहस्थ "हाय ना जागा?" विचारतात आणि उत्तराआधी बसतात. तेही पुढे, कारण मागे त्यांना मळमळतं.

"कापड्याला लेकीकडं एवढं टाकू. दोन मिन्टं रे!"

घाटाच्या पायथ्याच्या कापड्याला! जिथे घरोघर भात पिकतो, तिथे तांदूळ! तिथे चहा झाला, पोहे झाले, शेजाऱ्यांनी व्याह्यांचे दुखरे गुडघेही दाबून पाहिले. शेवटी शोरूमवाला म्हणाला, "सर, महाडला दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." घाट समोर दिसत असताना आम्ही मागे वळलो.

शोरूमवाल्याने शेजाऱ्यांनाच अदबीने विचारलं, "काका, गाडी कशी वाटली?"

"बरी हाय, पन डिकी लहान. उद्या ती मोठी डिझेलवाली आन, लेकीचं कपाट न्यायचं हाय!"