वर्षाच्या आतलं गोड

नवरा नोव्हेंबरमध्ये गेला आणि मार्चमध्ये मी मेपलच्या झाडाला भोक पाडलं. एवढं सांगितलं की आमच्या लोकांचे चेहरे कसे होतात, ते मी पाहिलं आहे. पाहिलं आणि पुढच्या झाडाकडे वळले.

कॅनडातल्या हॅमिल्टनला आमच्या घरामागे मेपलची तीन झाडं आहेत. रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी शून्याच्या वर, असे दिवस सुरू झाले की खोडातून रस वाहू लागतो. भोकात तोटी ठोकायची, तोटीला बादली अडकवायची. रस दिसायला पाणी, चवीला जेमतेम गोड. चाळीसेक लिटर आटवावा तेव्हा लिटरभर सिरप हाती लागतं. तीन-चार आठवड्यांचा हा खेळ. कळ्या फुगायला लागल्या की रसाची चव बिघडते आणि सगळं आवरतं घ्यावं लागतं.

नवऱ्याला सगळे भाऊ म्हणत आणि आमच्या महाराष्ट्र मंडळात याला वीस वर्षं 'भाऊंचं सिरप' म्हणत. भाऊ एका रविवारी ड्रिलने तीन भोकं पाडायचे, बादलीपाशी उभं राहून फोटो काढून घ्यायचे आणि आत जाऊन हॉकी बघायचे. रोज बादल्या रिकाम्या करणं, परसात प्रोपेनच्या शेगडीवर पसरट पातेल्यात तासन् तास रस आटवणं, फेस काढणं, शेवटी स्वयंपाकघरात आणून गाळणं, हे माझ्याकडे. सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी आणि दुपारपासून धुरकट वाफेत उभं राहायचं. पाडव्याच्या कार्यक्रमात बाटल्या वाटायचा मात्र तो. "मेहनत आहे, पण मजा येते," असं वर सांगायचाही. मी शेजारी उभी राहून हसायची. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

पहिल्या वर्षी बाटल्यांच्या तळाशी खडीसाखर जमली होती. पाक एकतारी झाल्याशिवाय उतरवायचा नाही, ही माझ्या बोटांची जुनी सवय. अंगठा आणि बोटामध्ये तार धरेपर्यंत सिरपची वेळ टळून गेली होती. ते कोणी बिघडवलं, हे मात्र त्याने मंडळात माझं नाव घेऊन सांगितलं.

माणूस वाईट नव्हता. सकाळचा चहा चाळीस वर्षं तोच करायचा. माझी आई आजारी होती तेव्हा मी भारतात तिच्यापाशी गेले, तर चार महिने एकटा राहिला आणि फोनवर चकार शब्दाने कुरकुरला नाही. तो गेल्यावर ग्रोसरीत त्याच्या आवडीच्या बिस्किटांसमोर मी रडले आहे, तेही आजूबाजूला माणसं असताना. पण दुःख आहे म्हणून माझं काम त्याच्या नावावर ठेवायचं, हे मला पटत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मंडळातल्या एका गृहस्थांचा फोन आला. "वहिनी, भाऊंच्या बादल्या बेसमेंटमध्ये पडून असतील ना? मी वीकेंडला पिकअप करतो. तुम्हाला आता काय उपयोग त्यांचा."

"बादल्या कामात आहेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या कामात नव्हत्या. पण त्याच दुपारी मी बेसमेंटमधून ड्रिल वर आणलं. त्याला मी कधी हात लावला नव्हता, कारण ते 'जड' असतं असं मला सांगितलेलं होतं. माझ्या पिठाच्या डब्याहून ते हलकं निघालं. मार्च उजाडल्यावर पहिल्या झाडापाशी गेले, तर ड्रिलचं टोक निसटलं आणि साल खरवडली गेली. दुसऱ्यांदा नीट दाबून धरलं. ओला भुसा बाहेर आला आणि पाठोपाठ थेंब.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे मॉन्ट्रियलहून ताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. काय चाललंय विचारलं, मी खरं ते सांगितलं.

"अगं, वर्ष आहे ना अजून," त्या म्हणाल्या. "वर्षाच्या आत घरात गोडधोड करायचं नसतं, हे तुला मी सांगायला हवं का? आणि त्याची हॉबी होती ती. त्याच्याबरोबर गेली. धिस इयर सोडून दे."

संक्रांतीला मी त्यांचं ऐकलं होतं. तिळाची वडी केली नाही, कोणाकडे हळदीकुंकवाला गेले नाही, कोणी बोलावलंही नाही. या वेळी मी ऐकलं नाही. मी अडुसष्ट वर्षांची आहे. माझे मार्च मोजकेच उरले आहेत आणि त्यातला एक सोडून देण्याची माझी अजिबात इच्छा नव्हती.

मासिक श्राद्धाच्या आदल्या दिवशीच ताई स्वतः आल्या. मागच्या दारी पातेलं वाफाळत होतं ते त्यांनी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकाला लागलो. नवऱ्याचं पान वाढायचं होतं, त्यात खीर लागते. तांदूळ दुधात शिजत होते आणि ओट्यावर माझ्या अकरा बाटल्या रांगेने उभ्या होत्या. ताईंनी एक उचलली, उजेडाकडे धरली. रंग मधासारखा आला होता.

"असं करू या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खिरीत साखरेऐवजी हेच घाल. त्याच्या पानात वाढू. म्हणजे हे त्याच्यासाठी केलं, असं होईल. कोणी तुला काही बोलणार नाही. मीसुद्धा."

त्या चांगल्या मनाने बोलत होत्या. मला वाट काढून देत होत्या. माझा हात बाटलीच्या झाकणापर्यंत गेलाही.

"नको, ताई," मी म्हटलं. "खिरीत साखर घाला. हे त्याच्यासाठी केलेलं नाही."

"मग कोणासाठी?"

"माझ्यासाठी. वीस वर्षं हे मीच करते आहे. तुमचा भाऊ भोकं पाडायचा, ती या वर्षी मी पाडली."

"तो तर आम्हाला सांगायचा, की..."

"सांगायचा. आणि मी गप्प बसायची."

ताईंनी बाटली होती तिथे ठेवली. डब्यातली साखर काढून त्यांनीच खिरीत घातली आणि बराच वेळ ढवळत राहिल्या. मी पान वाढलं, नमस्कार केला. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. ताईंनी पाठीवर हात ठेवला, तो मी राहू दिला.

मग आम्ही जेवायला बसलो. मी एक बाटली उघडली. पोळीवर तूप घातलं, त्यावर सिरप ओतलं आणि त्यांच्यासमोर खाल्लं. ताईंनी घास खाली ठेवला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी दुसरी पोळी घेतली.