वरच्या अंगाचं घर

इंग्लंडमध्ये मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. पण तिथल्या नदीकाठच्या एका खेड्याची मला खडान्‌खडा माहिती आहे. अमेरिकेत स्टेट कॉलेजला पीएचडी करताना तेच माझं काम आहे. चर्च उंचावर, पिठाची गिरणी वळणावर आणि कातडी कमावणाऱ्यांची घरं पार खाली, गावाची सगळी घाण घेऊन नदी जिथं पोचते तिथं. त्यांना तिथं कुणी ढकललं, यावर मी वर्गात अर्धा तास आवाज चढवून बोलले. अन्यायाची मला फार चीड आहे, असा माझा समज होता.

प्रोफेसर खूश झाले. म्हणाले, आता या खेड्याच्या नकाशाशेजारी लावायला तुझ्या गावाचा नकाशा काढ.

माझं गावही नदीवरच आहे. वळण, देऊळ, घाट, शाळा, सगळं झरझर काढलं. आमच्या घराशी येऊन हात थांबला. आमचा बौद्धवाडा खालच्या अंगाला. वर्गात महाराष्ट्रातली आणखी दोघं होती. त्यांना न विचारता कळलं असतं. मी आमचं घर उचललं आणि वर देवळाजवळ नेऊन ठेवलं. खालचा भाग हिरवा रंगवून टाकला.

नकाशा डिपार्टमेंटच्या भिंतीवर लागला. त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवरही टाकला. बाबा तो इतका बारकाईनं बघतील, असं वाटलंच नाही.

रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "वळण बरोबर घेतलंस," चष्मा सावरत ते म्हणाले. "आपलं घर कुठंय गं?"

देवळाजवळ, मी सांगितलं. त्यांनी नकाशाचा फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "आणि विहीर?"

वरच्या घाटावर आमच्या माणसांना पाणी भरू देत नसत, म्हणून आजोबांनी भावांना घेऊन ती विहीर खणली होती. तिच्याच कठड्यावर बसून बाबांनी मला नकाशा वाचायला शिकवलं. आणि मी ती हिरव्या रंगाखाली बुजवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, ते स्केलमुळं जरा..." मी काहीतरी बोलत राहिले. त्यांनी ते खोटं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"असू दे. तिकडच्या लोकांना काय कळतंय? जेवलीस का?"

कळणाऱ्यांपासून लपवायलाच मी तो तसा काढला होता, आणि ते त्यांनी ओळखलं होतं. "जेवले," मी म्हटलं.

याला महिना झाला. नकाशा अजून भिंतीवर आहे, आणि मी मागच्या जिन्यानं ये-जा करते.